परवाना म्हणजे भरवसा : नॅशनल रायफल असोसिएशनची ७५ वर्षे

नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १७ एप्रिल १९५१ रोजी स्थापन झाली. १७ एप्रिल २०२६ ही तिच्या अमृतमहोत्सवाची तारीख. त्यानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी एकच विनंती केली. हा इतिहास मला जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याहून लिहू द्या. मी पदक मिळवलेला नेमबाज नाही. वडिलांकडून आलेली बारा बोअरची एकनळी बंदूक सांभाळणारा परवानाधारक शेतकरी आहे. पण नागरिकाच्या हातात शस्त्र असावे की नसावे, हा प्रश्न आमच्या गावाने दोनशे वर्षे जवळून पाहिला आहे, आणि त्या प्रश्नाच्या पोटीच ही संस्था जन्मली आहे.

नि:शस्त्र झालेला मुलूख

पारोळ्याचा भुईकोट किल्ला १७२७ च्या सुमारास जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला. पन्नास घरांच्या खेड्याला त्यांनी तटबंदीचे गाव केले. झाशीच्या नेवाळकर घराण्याचे या जहागिरीशी नाते होते. म्हणून आजही पारोळ्यात राणी लक्ष्मीबाईंचे नाव घरच्या लेकीसारखे घेतले जाते.

पेशवाई बुडाली, खानदेश इंग्रजांकडे गेला, आणि १८२१ मध्ये याच पारोळ्यात पोलिटिकल एजंट कॅप्टन ब्रिग्ज याच्या जिवावर हल्ल्याचा प्रयत्न झाला. चारच वर्षांनी, १८२५ मध्ये, औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने शेजारच्या धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. सातपुड्यात ज्यांच्या हातातली हत्यारे सरकारला नको होती, त्यांच्याच हातात सरकारी बंदूक दिली गेली. माणूस तोच, हात तोच. भरवसा मात्र सरकारी गणवेश चढल्यावरच! १८५७ च्या धामधुमीत खाज्या नाईक, भीमा नाईक हे भिल्ल पुढारी उठले. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला लढाई झाली. १८५९ मध्ये पारोळ्याची जहागीर जप्त झाली आणि किल्ल्याची मोडतोड करण्यात आली. खंदकाच्या कडेला उभे राहिले की तटाचे ते तुटके अवशेष आजही दिसतात.

किल्ला पाडायला सुरुंग लागतो, घरातले शस्त्र काढून घ्यायला कायदा पुरतो. लॉर्ड लिटनने १८७८ मध्ये इंडियन आर्म्स ॲक्ट आणला. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचे तोंड बांधणारा कायदाही त्याच वर्षीचा. वर्तमानपत्रांचा कायदा चार वर्षांत रद्द झाला, शस्त्रांचा कायदा मात्र पुढे ऐंशी वर्षे टिकला. त्यातली सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की युरोपियनांना त्यातून सूट होती. पिकात शिरलेल्या डुकरावर बार टाकायचा तर खानदेशी कुणब्याने परवाना मागायचा आणि हौसेने शिकारीला निघालेल्या साहेबाला कोणी विचारायचे नाही. हा भेद पहिल्या महायुद्धानंतर नियमांतून गेला. परवान्यामागचा संशय मात्र गेला नाही.

मागणीचा प्रवास

शस्त्रबंदीला विरोध करणारी माणसे माथेफिरू होती, असे आज कोणाला वाटत असेल तर त्याने काँग्रेसचे जुने ठराव चाळावेत. १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव आला आणि तरुण बिपिनचंद्र पाल त्यावर तळमळीने बोलले. खेड्यातला माणूस वाघ, लांडगे आणि दरोडेखोरांपुढे रिकाम्या हाताने उभा आहे, ही व्यवहाराची बाजू होती. अख्ख्या राष्ट्राला अविश्वासू ठरवणे हा अपमान आहे, ही स्वाभिमानाची बाजू होती.

पुढे अहिंसेच्या पुजाऱ्यानेच ही मागणी उचलली, हे आज पुष्कळांना ठाऊक नसते. एका संपूर्ण राष्ट्राची शस्त्रे काढून घेणे हे ब्रिटिश राजवटीच्या दुष्कृत्यांतले सर्वांत काळे कृत्य ठरेल, अशा आशयाचे गांधीजींनी १९१८ मध्ये सैन्यभरतीच्या पत्रकात लिहिले होते. १९३० मध्ये त्यांनी सरकारपुढे ११ मागण्या ठेवल्या. त्यांत मीठ होते, शेतसारा होता, आणि स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत, त्यांवर लोकांचे नियंत्रण असावे, ही मागणीही होती. १९२८ च्या नेहरू अहवालाने आणि १९३१ च्या कराची ठरावाने तर नागरिकाचा शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या अधीन राहून, मूलभूत हक्कांच्या यादीतच घातला. डिसेंबर १९३६ मध्ये आमच्याच जळगाव जिल्ह्यात, फैजपूरला, काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले आणि तेथून घटना समितीची मागणी झाली. जी घटना समिती पुढे हा हक्क तोलणार होती, तिच्या मागणीचा आवाज केळीच्या बागांच्या मुलखातून उठला होता.

हक्क की कर्तव्य?

डिसेंबर १९४८ च्या पहिल्या आठवड्यात तो क्षण आला. मध्य प्रांत व वऱ्हाडाचे प्रतिनिधी हरी विष्णू कामत यांनी, आजच्या कलम १९ मध्ये शस्त्र बाळगण्याचा हक्क घालावा, अशी दुरुस्ती मांडली. कराचीत जे वचन दिले ते आता पाळा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. सरसकट हक्क दिला तर सराईत गुन्हेगारही तोच हक्क सांगेल, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे ते जे बोलले ते मला अधिक मोलाचे वाटते. शस्त्र धारण करणे हा व्यक्तीचा हक्क म्हणून नव्हे, तर कर्तव्य म्हणून धरला पाहिजे आणि देशावर संकट आले तर राज्याने प्रत्येक नागरिकाला हाक द्यावी, असा त्यांचा आशय होता. दुरुस्ती पडली. शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचे स्वातंत्र्य तेवढे संविधानात आले.

परवान्यासाठी झगडणारे आमचे काही मित्र या प्रसंगाकडे हार म्हणून बघतात. मला तसे वाटत नाही. कामतांनी नागरिकावर भरवसा टाकायला सांगितले. बाबासाहेबांनी त्या भरवशाला जबाबदारीची अट घातली. ज्याने कर्तव्य म्हणून शस्त्र उचलायचे, त्याला ते चालवता तर आले पाहिजे. आणि शांततेच्या काळात ते शिकणार कुठे? या प्रश्नाचे उत्तर अडीच वर्षांतच उभे राहिले.

दादासाहेबांची संस्था

१९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली आणि पहिले अध्यक्ष झाले गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे सर्वांचे दादासाहेब. घराणे मूळ रत्नागिरीचे, कर्मभूमी अहमदाबाद. १९३७ पासून मुंबई विधानसभेचे सभापती आणि मे १९५२ पासून स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले सभापती. गांधीजींच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला. तुरुंगात भेटलेल्या गुन्हेगारांमधली माणुसकी त्यांनी ‘मानवतानां झरणां’ या गुजराती पुस्तकात टिपली. असा माणूस रायफल संघटनेच्या डोक्यावर बसतो, यातच संस्थेचा स्वभाव आला. बंदूक ही द्वेषाने धरायची वस्तू नाही, हे सांगायला यांच्याइतका अधिकारी दुसरा कोण?

सभागृहात सभापती जे काम करतो, तेच रेंजवर रेंज अधिकारी करतो. बोलण्याचा हक्क सगळ्यांना, पण क्रमाने आणि नियमाने. हुकूम होईपर्यंत बंदुकीला हात लावायचा नाही. नळी कायम निशाण्याच्या दिशेने. थांबा म्हटले की बोट चापावरून बाहेर, बंदूक रिकामी, ती रिकामी असल्याची खात्री, मगच मागे सरकायचे. दादासाहेब २७ फेब्रुवारी १९५६ रोजी गेले, पण त्यांच्या नावाची अखिल भारतीय मावळंकर नेमबाजी स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेचे दार आहे. त्या दारातून गेल्याशिवाय पुढचा रस्ता नाही, हे देशभरची नेमबाज मुले जाणतात.

१९५९ चा कायदा

इंग्रजांचा कायदा स्वातंत्र्यानंतरही बारा वर्षे तसाच होता. पहिल्या लोकसभेत ओरिसाचे उमाचरण पटनाईक यांच्यासारख्या खासदारांनी तो बदलावा म्हणून खाजगी विधेयकाच्या मार्गाने आवाज उठवला. अखेर १९५९ मध्ये नवा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो लागू झाला. कायद्याचे पालन करणाऱ्या नागरिकाला खेळासाठी, पीकरक्षणासाठी, स्वसंरक्षणासाठी शस्त्र मिळावे आणि समाजकंटकाला मिळू नये, हे या कायद्याचे सूत्र.

प्रत्येक परवानाधारकाने या कायद्याची दोन कलमे पाठ करावीत, असे मी नेहमी सांगतो. कलम १३ म्हणते की संरक्षणासाठी वा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, किंवा खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक भारतीय नागरिकाने मागितली, तर परवाना द्यायचा आहे. कलम १४ मध्ये नकाराची कारणे ठरवून दिली आहेत. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्यावरून परवाना नाकारता येत नाही. नकार द्यायचा तर कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि कलम १८ खाली अपील करता येते. म्हणजे दोन बिघ्यांच्या शेतकऱ्यालाही बंगलेवाल्याइतकाच मान या कायद्याने दिला आहे.

संस्थेसाठीही या कायद्यात जागा आहे. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या रायफल क्लबच्या किंवा असोसिएशनच्या सदस्याला सरावाच्या पॉइंट टू टू रायफलीपुरती शस्त्रसंख्येच्या मर्यादेतून सूट मिळते. शिस्त सिद्ध केलेल्यावर राज्य अधिक भरवसा टाकते, हे तत्त्व कायद्याच्या पुस्तकात आले.

निशाणा आणि नाव

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपवले, आणि ते योग्यच झाले. बंदुकीचे प्रेम रानातून रेंजवर आले. १९८२ च्या एशियाडसाठी दिल्लीत तुघलकाबादला रेंज झाली आणि तिला डॉ. कर्णीसिंह यांचे नाव मिळाले. बिकानेरच्या या महाराजांनी १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले होते. तेव्हा नेमबाजी राजेरजवाड्यांची होती. ती सामान्य घरात आणली महाराष्ट्राने, असे मी अभिमानाने म्हणेन.

मुंबईत कीर्ती कॉलेजच्या एनसीसीत रायफल हाती घेतलेली अंजली भागवत सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने ऑगस्ट २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळवले. कोल्हापूरच्याच राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणले. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. स्वप्नील घडला तो नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे आमच्या खानदेशाच्या उंबरठ्यावर. त्याच नाशिकच्या भीष्मराज बाम यांनी पोलीस सेवेतून निवृत्त झाल्यावर कितीतरी नेमबाजांना मन स्थिर करायला शिकवले. बंदूक धरायची तर आधी मन धरावे लागते, हा धडा त्यांच्या कामातून सगळ्यांना मिळाला.

आखडता हात

इतिहास लिहिताना केवळ मानपत्रे जोडून भागत नाही. गेल्या चाळीस वर्षांत परवानाधारकाभोवतीचा फास आवळत गेला, हेही नोंदले पाहिजे. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त तीन शस्त्रे, ही मर्यादा आली. त्याच दशकात सामान्य नागरिकासाठी परदेशी बंदुकांची आयात थांबली. नामवंत नेमबाजांना सवलत राहिली, बाकीच्यांना सरकारी कारखान्याचे शस्त्र, नाहीतर कोणाचे तरी जुने.

२०१० च्या सुमारास कायदा आणखी कडक होणार अशी चिन्हे दिसली, तेव्हा परवानाधारकांनी नॅशनल असोसिएशन फॉर गन राइट्स इंडिया या संघटनेमार्फत आपली बाजू मांडली. रायफल असोसिएशन ही क्रीडासंस्था, गन राइट्सवाले हक्काची बाजू मांडणारे. वाटा वेगळ्या असल्या तरी मूळ एकच, प्रामाणिक नागरिकावरचा भरवसा.

२०१६ च्या नव्या नियमांत चांगलेही पुष्कळ होते. अर्जदाराला शस्त्रसुरक्षेचे प्रशिक्षण आणि अर्ज निकाली काढण्याला मुदत, या दोन्हींचे मी मनापासून स्वागत केले. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने मात्र तीनची मर्यादा दोनवर आणली. मूळ विधेयकात तर एकच शस्त्र ठेवायची तरतूद होती. देशभरच्या परवानाधारकांनी आणि नेमबाजांनी हरकती घेतल्या म्हणून दोन राहिली. नेमबाजांसाठी फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने सवलती वाढवल्या. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली, तीही सोय झाली. लग्नाच्या वरातीत हवेत बार उडवणाऱ्याला शिक्षा आली, आणि त्या कलमाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण आजोबांची, वडिलांची आणि स्वत:ची अशा तीन बंदुका ज्या घरात होत्या, त्या घराने कोणती सोडायची? ज्याने साठ वर्षांत एकही गुन्हा केला नाही, त्याचे शस्त्र कमी करून गुन्हा कसा कमी होतो?

जळगाव जिल्ह्यात तर हा प्रश्न डोळ्यांसमोर आहे. चोपड्यापलीकडे, सातपुड्याच्या सीमेवर उमर्टी परिसरातून येणारे गावठी कट्टे पोलीस वारंवार पकडतात. त्या कट्ट्याला ना नंबर, ना परवाना, ना नूतनीकरण. माझ्या एकनळीचा नंबर मात्र सरकारदरबारी आहे, माझा फोटो आहे, माझ्या काडतुसांचा हिशेब आहे. कायद्याचा सारा भार ज्याचे नाव नोंदलेले आहे त्याच्यावर, आणि ज्याचे नाव कुठेच नाही तो मोकळा.

निवडणुकीचेही तसेच. आयोगाच्या सूचनांप्रमाणे छाननी समिती बसते. जामिनावर सुटलेला, गुन्हेगारी पार्श्वभूमीचा, दंगलीत नाव आलेला अशांची शस्त्रे जमा करायची, हे मला मान्य आहे. पण प्रत्यक्षात सरसकट निरोप येतो. २०२४ च्या विधानसभेला आचारसंहिता लागली ती ऑक्टोबरच्या मध्यावर. शेतात मका उभा, कापूस फुटलेला, आणि माझी बंदूक ठाण्याच्या खोलीत दोरी बांधून, चिठ्ठी लावून ठेवलेली. शिवारात रोज सकाळी एकच बोलणे, “रातले डुकरे सम्दा मका खाई ग्यात.” रानडुकराला मारायचे तर वनखात्याची परवानगी लागते, ते मी जाणतो आणि पाळतो. पण हवेतल्या एका बारानेही कळप पांगतो. तेवढाही आवाज त्या महिनाभरात आमच्या शिवारातून उठला नाही.

परवान्याच्या बंदुकीनेही घात झालेले आहेत, हे मी नाकारत नाही. रागाच्या भरात, दारूच्या नशेत, उघड्या कपाटातून पोराच्या हाती लागून. अशा प्रत्येक घटनेने आमची मान खाली जाते. म्हणूनच आमच्या घरात बंदूक एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात कधी नाहीत. वडिलांची शिस्त ही होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते ओट्यावर पोते अंथरायचे, बंदूक मोडून नळी उजेडाकडे धरायचे, आतून आरपार बघायचे आणि मगच गजाला चिंधी गुंडाळून तेल लावायचे. रिकामी आहे हे ठाऊक असले तरी दरवर्षी बघायचे. “माहीत आहे म्हणून बघायचे सोडायचे नाही,” हे त्यांचे वाक्य. पुढे रेंजवरचे नियम वाचले तेव्हा कळले, संस्था जे शिकवते तेच ते ओट्यावर शिकवत होते.

पुढची वाट

अमृतमहोत्सवी वर्षात या संस्थेकडे आणि सरकारकडे आमचे मागणे मोठे नाही. अर्जाचा निकाल मुदतीत द्या आणि नकाराचे कारण लेखी द्या. निवडणुकीत छाननी माणसाची करा, परवान्यांच्या यादीची नको. पीकरक्षणाची तरतूद कायद्यात आहे, ती कार्यालयातही असू द्या. आणि कडकपणा दाखवायचा तो बेकायदा कट्ट्यावर दाखवा.

एक मागणे मात्र आम्हा परवानाधारकांचे स्वत:कडेच आहे. आपल्यावर भरवसा टाकावा असे वाटत असेल तर शिस्त लोकांना दिसली पाहिजे, आणि ती दिसते रेंजवर. १० मीटर एअर रायफलीला मोठे मैदान लागत नाही. शाळेचा एक लांब वर्ग, समोर मजबूत भिंत, छर्रे अडवणारी पेटी आणि कागदी निशाण पुरते. ४.५ मिलिमीटर छर्ऱ्याच्या, ठरलेल्या ताकदीच्या आतल्या एअर रायफलीला परवानाही लागत नाही. त्या निशाणावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, बाजरीच्या दाण्याहूनही बारीक. तो साधायचा तर श्वास अर्धा सोडून थांबवावा लागतो, छातीचा ठोका ओळखावा लागतो आणि चाप ओढायचा नाही, नुसता दाबत न्यावा लागतो. राग असेल तर छर्रा दहात बसत नाही, घाई असेल तरी नाही. वर्षभर त्या ठिपक्यामागे लागलेले पोर हवेत बार उडवणार नाही, याची मला खात्री आहे.

खानदेशातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी अशी एक खोली व्हावी, आणि रायफल असोसिएशनने जिल्हा संघटनांना हाताशी धरून ती उभी करावी, हा या स्मरणिकेच्या निमित्ताने माझा आग्रह आहे. जागेसाठी, वर्गणीसाठी, राबण्यासाठी आम्ही परवानाधारक पुढे येऊ. पारोळ्याचा तट १८५९ मध्ये पाडला तो इथल्या माणसावर विश्वास नव्हता म्हणून. त्या तटाच्या सावलीत एक भिंत आपण बांधू, आणि तिच्यासमोर दहा मीटरवर आपली मुले उभी करू.